शांताराम, दामले-फत्तेलाल आणि जर्मन भिंग



गेल्या दिवाळीत इथे ब्राउनश्वाइगला आम्ही आठ-दहा मराठी घरं एकत्र जमलो होतो. इथल्या मराठी मंडळींपैकी बरीच जण रोज वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात जातात, उरलेले विद्यापीठात किंवा संशोधन संस्थांत. फराळ झाला, चहा झाला आणि मग नेहमीप्रमाणे वाद सुरू झाला. विषय होता आवडता दिग्दर्शक. कुणी नागराज मंजुळेंचं नाव घेतलं, कुणी सुमित्रा भाव्यांचं, कुणी जब्बार पटेलांचं. मी म्हटलं, माझे आवडते दिग्दर्शक प्रभातचे. त्यावर एक मित्र, जो माझ्यापेक्षा वयाने आणि पगाराने मोठा आहे, शांतपणे म्हणाला, "अरे, ते तर सगळं जर्मन होतं. शांताराम इथे येऊन शिकून गेले, म्हणून प्रभात झाली. आपण नाही का इथलं शिकून चाकणला नेत? तसंच ते."

हे वाक्य मला टोचलं. उत्तर मात्र तेव्हा सुचलं नाही, चकली खात गप्प बसलो. टोचलं याचं कारण त्यात थोडं खरंही आहे. शांताराम जर्मनीत आले होते, हे खरंच. पण "म्हणून प्रभात झाली" हे खरं आहे का? की आपण परदेशी राहणारी माणसं स्वतःच्या समाधानासाठी प्रत्येक चांगल्या गोष्टीच्या मागे एक परदेशवारी चिकटवतो? तेव्हापासून जे वाचलं, जे सिनेमे पुन्हा पाहिले, त्यातून जमलेलं उत्तर आज लिहितोय. लांबलंय, सवडीने वाचा.

आधी आमच्या गावाबद्दल थोडं, कारण त्याचा या गोष्टीशी संबंध आहे. ब्राउनश्वाइग म्हटलं की लोकांना हेन्री द लायन आठवतो, नाहीतर अणुघड्याळ. पण हे भिंगांचंही गाव आहे. फोग्टलेंडर ही मूळची व्हिएन्नाची कंपनी. १८४० मध्ये योझेफ पेट्झव्हाल या गणितज्ञाने आकडेमोड करून एक भिंग तयार केलं आणि ते फोग्टलेंडरने बनवलं. त्याआधी फोटोसाठी माणसाला कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. या भिंगातून इतका जास्त प्रकाश आत येई की माणसाच्या चेहऱ्याचा फोटो काढणं शक्य कोटीत आलं. १८४९ मध्ये फोग्टलेंडर ब्राउनश्वाइगला आली आणि पुढे सव्वाशे वर्षं इथेच भिंगं घासत राहिली. १९२० मध्ये फ्रांके आणि हायडेके या दोघांनी इथेच आणखी एक कारखाना काढला, तोच पुढे रोलाय म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांचा रोलायफ्लेक्स कॅमेरा बाजारात आला १९२९ मध्ये. आपल्याकडे १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

पेट्झव्हालच्या भिंगाचं आणखी एक सांगतो. चेहऱ्यांसाठी केलेलं ते भिंग पुढे प्रोजेक्टरमध्ये गेलं. त्याच जातीची भिंगं सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये अनेक दशकं वापरली गेली. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी तंबूत किंवा थेटरात जे पाहिलं, त्यातलं बरंचसं या गणितातून गाळून आलेलं असणार. तेव्हा यंत्रापुरतं बोलायचं तर माझ्या मित्राचा मुद्दा मी आधीच मान्य करून टाकतो. कॅमेरा, फिल्म, भिंग, रसायनं सगळं बाहेरूनच आलं. ते फ्रान्समधूनही आलं, इंग्लंडमधूनही, आणि जर्मनीतूनही. खुद्द दादासाहेब फाळके १९०९ मध्ये जर्मनीला येऊन गेले होते, पण सिनेमासाठी नाही, रंगीत छपाईचं तंत्र शिकायला. सिनेमाचं वेड त्यांना नंतर लागलं, मुंबईत.

प्रश्न आहे तो नजरेचा. ती कुठून आली?

यासाठी कोल्हापूरला जावं लागतं. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे आतेमामेभाऊ. नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून लोक त्यांना पेंटरच म्हणत. सिनेमा बघून दोघांना वाटलं, आपणही हे करावं. कॅमेरा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी तो बनवायलाच घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. त्यांच्या हाताखाली विष्णुपंत दामले नावाचा एक हुशार माणूस होता, त्याच्या मदतीने त्यांनी कॅमेरा पुरा केला. त्या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे सिनेमे निघाले. १९२० च्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने आक्षेप घेतला. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

आणि मग १९२५ चा 'सावकारी पाश'. देव-दैत्य नाहीत, ऐतिहासिक तलवारी नाहीत. सावकार जमीन गिळतो, शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, एवढीच गोष्ट. त्या तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं शांताराम वणकुद्रे या पोऱ्याने, जो कंपनीत पडेल ते काम करत वर आला होता. ज्यांनी तो मूकपट पाहिला त्यांनी त्यातला एक प्रसंग लिहून ठेवलाय: अंधारी झोपडी, अगदी कमी उजेड आणि बाहेर भुंकणारा, विव्हळणारा कुत्रा. मूकपट, तरी लोकांना कुत्रा 'ऐकू' आला!

इथे थांबून विचार करा. अंधाराचा असा वापर म्हणजे जर्मन सिनेमाची खासियत, असं आपण पुस्तकांत वाचतो. 'कॅलिगारी' १९२० चा, मुर्नाऊचा 'द लास्ट लाफ' १९२४ चा. आणि कोल्हापुरात पडदे रंगवणारा एक माणूस, जो शिकायला कुठे गेला नव्हता, १९२५ मध्ये झोपडीतला अंधार दाखवत होता. यातून बाबूराव थोर आणि जर्मन सामान्य, असं काही मला सिद्ध करायचं नाही. एवढंच म्हणतो की शांताराम जर्मनीला निघाले तेव्हा त्यांची पाटी कोरी नव्हती. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर, सगळे याच कारखान्यात घडले होते. चौघांनी बाहेर पडून सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलासह प्रभात काढली, तेव्हा त्यांच्यातला प्रत्येक जण एकेका कामात तरबेज होता. दामले यंत्र आणि ध्वनी, फत्तेलाल सेट आणि चित्रकला, धायबर कॅमेरा, शांताराम दिग्दर्शन.

आता जर्मनीवारी. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट देऊन प्रभातने नाव कमावलं होतं. पुढचं पाऊल म्हणून त्यांनी ठरवलं, रंगीत सिनेमा करायचा. विषय घेतला गुरूचाच, 'सैरंध्री'. त्या वेळच्या पद्धतीत कॅमेऱ्यात दोन फिल्मी एकमेकींना चिकटून धावत, एकीवर लालसर भाग उमटे, दुसरीवर निळसर-हिरवा. ते धुऊन, रंग चढवून प्रती काढायची सोय आपल्याकडे नव्हती, म्हणून शांताराम सगळं घेऊन जर्मनीला आले. आणि रंग फसले. जे मनात होतं ते पडद्यावर आलं नाही. १९३३ मध्ये 'सैरंध्री' लागला आणि लोकांना तो रुचला नाही. कोल्हापूरच्या पाच माणसांनी कष्टाने उभ्या केलेल्या कंपनीला हा फटका होता.

म्हणजे बघा, ज्या कामासाठी शांताराम जर्मनीला आले, ते काम झालंच नाही! 'शिकून गेले म्हणून प्रभात झाली' या वाक्यातली पहिली गाठ इथेच सुटते.

पण म्हणून ते रिकाम्या हाताने परतले असंही नाही. तेव्हाचा जर्मन सिनेमा जगात पहिल्या रांगेतला होता. शांतारामांनी इथले स्टुडिओ पाहिले, कामाची पद्धत पाहिली. तो काळही डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारी १९३२ मध्ये आमच्याच ब्राउनश्वाइगच्या राज्य सरकारने हिटलरला एका सरकारी पदावर नेमलं आणि त्या नेमणुकीमुळे त्या ऑस्ट्रियन माणसाला जर्मन नागरिकत्व मिळालं. पुढच्या वर्षी जानेवारीत तो चॅन्सलर झाला. फ्रिट्झ लांगच्या 'डॉक्टर माबुझे'वरच्या नव्या सिनेमावर बंदी आली, आणि लांगने त्याच वर्षी देश सोडला. इथल्या मोठ्या दिग्दर्शकांची पांगापांग होत होती, तेव्हा तिकडे प्रभात कोल्हापूरहून पुण्याला हलत होती. एरंडवण्याच्या माळावर नवा स्टुडिओ उभा राहिला, आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

पुण्यातला पहिला सिनेमा 'अमृतमंथन', १९३४. नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरचा. राजा बळी देण्याची प्रथा बंद करतो आणि धर्माच्या नावावर सत्ता चालवणारा राजगुरू त्याच्या जिवावर उठतो. मराठीत राजगुरू होते केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. गुप्त बैठक, मशाली, भिंतीवरच्या सावल्या, आणि टेलिफोटो भिंगातून घेतलेला राजगुरूचा डोळा, पडदाभर नुसता डोळा! इथे जर्मन सिनेमाची छाप आहे, अभ्यासक म्हणतात ते मला पटतं. माझ्या मित्राला मी हा सिनेमा देऊन टाकतो. पण त्यालाच विचारतो, या छापेमुळे 'अमृतमंथन' तुझा सगळ्यात आवडता झालाय का? माझा नाही. मला तो भारी वाटतो. आवडतात ते त्याच्यानंतरचे.

'कुंकू', १९३७. हाही आपट्यांच्याच कादंबरीवरून. म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्नच मानायला नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुढच्या वेळी बघाल तेव्हा एक करा, डोळे मिटून दहा मिनिटं नुसतं ऐका. पार्श्वसंगीत नाही! सबंध सिनेमाला नाही. संगीतकार केशवराव भोळे यांच्यासारखा जाणता माणूस हाताशी असताना नाही. घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचे आवाज, भांडी, पावलं. गाणी आहेत, पण साथीलासुद्धा घरातलं काहीतरी, ग्रामोफोन वगैरे. त्या घड्याळाचं नातं म्हाताऱ्याच्या वयाशी आहे हे कुणी बोलून दाखवत नाही, आपल्यालाच ऐकू येतं. आणि फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यात काकासाहेबांना आपलंच तोंड हसताना दिसतं, तो प्रसंग! त्या क्षणी या माणसाचा राग यावा की कीव, हे कळेनासं होतं. नीरा बरोबर आहे, यात शंका नाही. पण दिग्दर्शकाने म्हाताऱ्याला राक्षस केलेलं नाही. माझ्या मते शांतारामांची सगळ्यात मोठी कमाई ही आहे.

पार्श्वसंगीत गाळायची कल्पना जगात एकट्या शांतारामांची नव्हती. फ्रिट्झ लांगच्या 'एम'मध्येही, १९३१ च्या, ते नाही. तिथे खुनी माणूस शीळ घालतो आणि ती ऐकू आली की अंगावर काटा येतो. दोन्ही सिनेमे मी एका आठवड्यात पाहिले. फरक असा जाणवला की लांगची शांतता भीती घालते, शहरात कुठेतरी तो आहे. 'कुंकू'मधली शांतता ही घराची आहे. दुपारी सगळे निजल्यावर जुन्या वाड्यात जशी असते तशी. ज्या बाईला जन्मभर तिथेच राहायचंय तिला ती कशी ऐकू येत असेल? हे बर्लिनच्या कुठल्या स्टुडिओत कोण शिकवणार? त्यासाठी तसा वाडा माहीत असावा लागतो.

आणि इथे मी माझ्या खऱ्या आवडत्या दिग्दर्शकांकडे येतो. ते शांताराम नाहीत. ते दोघे आहेत, दामले आणि फत्तेलाल.

विष्णुपंत दामले म्हणजे प्रभातचा यंत्रावरचा हात. ज्याने कॅमेरा बनवायला मदत केली, पुढे ध्वनिमुद्रण सांभाळलं. शेख फत्तेलाल, सगळ्यांचे साहेबमामा, म्हणजे सेट आणि चित्रकला. म्हणजे सबंध कंपनीतले हे दोघे सगळ्यात 'टेक्निकल'. आपल्या भाषेत इंजिनियर माणसं. अशा दोघांनी दिग्दर्शन केलं तर काय होईल असं वाटतं? करामती, चमत्कार, मोठमोठे सेट. त्यांनी केला १९३६ चा 'संत तुकाराम'. चमत्कार त्यात आहेत, वैकुंठाला नेणारं गरुडाचं विमानही आहे. पण सिनेमा उभा आहे तो देहूच्या एका घरावर, जिथे उद्याच्या जेवणाची पंचाईत आहे.

विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सगळ्यांना आठवतो, रास्तच आहे. पण मला विचाराल तर सिनेमा जिजाईचा आहे. ते काम गौरीने केलं, जी प्रभातमध्येच लहानसहान कामं करत होती. तिच्या चालण्यात, ओरडण्यात, शेणामातीच्या हातांत कुठेही नाटक नाही. मूल आजारी, औषधाला पैसे नाहीत, नवरा अभंगात दंग. ती काय करते? एका हाताने पोराला ओढत, दुसऱ्या हातात वहाण घेऊन थेट देवळात जाते, विठ्ठलाला मारायला! १९३६ मध्ये, संतपटात! हे बघून प्रेक्षक चिडले नाहीत, कारण ते भांडण त्यांच्या घरातलं होतं. तिच्या शिव्यांमध्ये भक्तीच आहे, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आणि शेवट. तुकोबा सदेह वैकुंठाला निघालेत, बायकोला म्हणतात, चल. ती जात नाही. पोरांचं कोण करणार? स्वर्गाचं विमान अंगणात उभं असताना घर सांभाळायचं म्हणून मागे राहणारी बाई. दामले-फत्तेलाल यांनी ते विमान यंत्राच्या सगळ्या कौशल्याने उडवलं. आणि माझ्या डोळ्यांत राहिली ती जमिनीवरची जिजाई. तिला आणि तुकोबाला त्यांनी सारख्याच मायेने पाहिलंय. कुणा एकाची बाजू घेतली असती तर सिनेमा सोपा झाला असता.

आणखी एक, जे मला दर वेळी नव्याने जाणवतं. तुकोबांचं हे देहू ज्याने उभं केलं, त्यातली घरं, देऊळ, वाळवंट, तो कोल्हापूरचा एक मुसलमान कलावंत होता. पुढे 'संत ज्ञानेश्वर' आणि 'संत सखू' यांतही या दोघांचा हात आहे. त्या काळी याचा कुणी गाजावाजा केला नाही. पुढे १९४१ मध्ये शांतारामांनी 'शेजारी' केला, दोन म्हाताऱ्या मित्रांची, जिवबा आणि मिर्झाची गोष्ट. हिंदी 'पडोसी'त हिंदूचं काम मझहर खान यांनी केलं आणि मुसलमानाचं गजानन जागीरदारांनी. तेव्हा मला वाटतं, ही कल्पना प्रभातच्या फाटकाच्या आत रोज दिसतच होती.

'संत तुकाराम' मुंबईत वर्षभराहून जास्त चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. गंमत म्हणजे त्यातलं एक गाणं शांताराम आठवल्यांनी असं काही लिहिलं होतं की जाणत्या माणसांनाही तो तुकोबांचाच अभंग वाटला. खोटं म्हणायचं तर खोटं, पण असं खोटं करायला तुकोबा किती मुरलेला असावा लागतो!

आता तक्रार. ती सांगितली नाही तर हा नुसता गौरवग्रंथ होईल. १९४२ मध्ये शांतारामांनी प्रभात सोडून राजकमल काढलं. प्रभातला ते दुखणं पुरलं, १९४५ मध्ये दामले गेले, पुढे कंपनी बंद पडली. शांतारामांना मात्र १९३३ ला हुकलेला रंग अखेर सापडला. 'झनक झनक पायल बाजे', १९५५. 'नवरंग', १९५९. लोकांनी ते डोक्यावर घेतले. मला ते बघवत नाहीत, क्षमा असावी. कारंजी, हत्ती, घागरी, पडद्यावर एक कोपरा रिकामा नाही. ज्याने 'कुंकू'त काय गाळायचं हे ओळखलं होतं, त्यालाच हाताशी सगळं आल्यावर काहीच गाळवेना. साधनं कमी होती तेव्हा काम चांगलं, असं मला म्हणायचं नाही. प्रभात काही गरीब कंपनी नव्हती. पण तिथे दामले होते, फत्तेलाल होते, 'बापू, हे नको' असं म्हणू शकणारी बरोबरीची माणसं होती. राजकमलमध्ये तसं म्हणणारं कुणी उरलं नसावं, हा माझा तर्क.

या दोन रंगीत सिनेमांच्या मधोमध त्यांनी एक काळापांढरा केला. 'दो आँखें बारह हाथ', १९५७. गोष्ट औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेली, लेखन गदिमांचं. सहा कैदी, एक जेलर, माळरान. पुन्हा डोळे आहेत, पण 'अमृतमंथन'सारखे भीती घालणारे नाहीत. कैद्यांना बेडीशिवाय धरून ठेवणारे. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. ज्या देशात पंचवीस वर्षांपूर्वी त्यांचे रंग फसले, त्या देशाने त्यांना मानलं ते बिनरंगाच्या, आपल्या मातीतल्या गोष्टीसाठी. माझ्या मित्राला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

हे सगळं आत्ताच का लिहितोय, तेही सांगतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारातल्या कोठारात आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मांचा मोठा साठा जळाला. त्यात प्रभातच्या मूळ फिल्मीही होत्या. नायट्रेट पेटली की पाण्याखालीही जळते, असं म्हणतात ते खरंय, कारण तिला लागणारा प्राणवायू तिच्यातूनच सुटतो. आज आपण पाहतो त्या 'कुंकू' आणि 'तुकाराम' या प्रतींवरून काढलेल्या प्रती. 'सावकारी पाश' हा मूकपट तर केव्हाच गेला, उरलाय तो पाहणाऱ्यांच्या लेखात. फोग्टलेंडरचा इथला कारखानाही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाला. यंत्रं, कारखाने, फिल्मी जातात. मग नजर तरी पुढे जाते का? की तीही आपल्याबरोबर संपते?

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी घरी 'संत तुकाराम' लावला. इथेच जन्मलेली माझी मुलगी होती, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी. त्या तरुणपणी फोग्टलेंडरमध्ये भिंगं घासायच्या. मी मधून मधून जर्मनमध्ये सांगत होतो, ते दोघींनाही नकोसं झालं, मग गप्प बसलो. गरुडाचं विमान आलं तेव्हा मुलगी हसली, मला जरा लागलं. जिजाई वहाण घेऊन निघाली तेव्हा मात्र हसायला लागली ती मध्येच थांबली. आणि सिनेमा संपला, तेव्हा आजींनी तुकारामाबद्दल काही विचारलं नाही. विमान कसं केलं हेही नाही. त्यांनी विचारलं, "मग त्या बाईचं पुढे काय झालं?"

मुलगी माझ्याआधी म्हणाली, "तिने स्वयंपाक केला असेल."

त्या दिवाळीच्या वादात मला जे बोलायचं होतं ते एवढंच होतं. दिग्दर्शक आवडतो तो त्याने भिंग कुठून आणलं म्हणून नाही. सिनेमा संपल्यावर आपण त्यातल्या माणसांची काळजी करत राहतो, म्हणून आवडतो. दामले-फत्तेलाल यांच्याबाबतीत ती काळजी नव्वद वर्षं टिकली आणि ब्राउनश्वाइगपर्यंत आली.

मित्राला पुढच्या रविवारी बोलावलंय. 'कुंकू' लावणार आहे. वाद परत होणार, चकल्या त्याने आणायच्या असं ठरलंय.

चूक-भूल द्यावी घ्यावी. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी प्रभातच्या जुन्या जाहिराती, गाण्यांच्या पुस्तिका, काहीही असेल तर फेकू नका, स्कॅन करून ठेवा.